तीन मिनिटांचा राग आणि मधल्या प्रतीचे यंत्र

कल्याणच्या जुन्या वस्तीतला आमचा वाडा पाडायचे ठरले तेव्हा माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक माझ्या वाट्याला आली. तिच्यात आजोबांच्या एकसष्ट ध्वनिमुद्रिका निघाल्या. सगळ्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या. दर बाजूला तीन-साडेतीन मिनिटे. सात तडकलेल्या होत्या, दोन पार फुटलेल्या. उरलेल्यांवर बुरशीची पांढरट नक्षी होती, पण ती वरवरची होती.

डोंबिवलीच्या घरी माझ्याकडे २०१२ साली घेतलेले एक टर्नटेबल आहे. ते स्वस्तातले नाही आणि भारीही नाही. दुकानदार ज्याला ‘मधली रेंज’ म्हणतात त्यातले. रबरी पट्ट्यावर चालणारे, देखणे, आणि फक्त ३३ व ४५ या दोन वेगांनी फिरणारे. म्हणजे ट्रंकेतली एकही तबकडी त्याच्यावर वाजत नाही. ठाण्याला नौपाड्यात राहणारे माझे एक ज्येष्ठ स्नेही या विषयातले जाणकार आहेत. त्यांचा सल्ला तत्काळ आला : “सर, आता हे काढून टाका. एकदाच काय ते चांगले घ्या.” ‘चांगले’ याचा अर्थ माझे तीन पगार.

यंत्र बदलावे की बदलू नये, एवढाच हा प्रश्न. तो घेऊन मी आठ महिने बसलो आणि त्या काळात वाचत गेलो, तसे लक्षात आले की आमच्या घरात तो तिसऱ्यांदा विचारला जात होता. आजोबांनी विचारला, वडिलांनी विचारला, आणि दोन्ही वेळा जे उत्तर निघाले त्यात काहीतरी कायमचे गेले. मराठी मध्यमवर्गाच्या श्रवणाचा इतिहास लिहायचा तर तो गायकांच्या नावांनी जसा लिहिता येईल तसा घरोघरच्या या खरेदीविक्रीच्या निर्णयांनीही लिहिता येईल. दुसरा मार्ग आपल्याकडे फारसा कोणी चोखाळलेला नाही.

सुरुवात सर्वांना माहीत आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि गौहर जानचे गाणे मेणाच्या तबकडीवर कोरले गेले. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हानोवरला जात. गाण्याच्या शेवटी गायिका इंग्रजीत आपले नाव सांगते, ते हानोवरच्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असे सांगतात. १९०८ च्या सुमारास सियालदहला कारखाना निघाला आणि मग तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. यातला एक विरोधाभास मला नेहमी गमतीचा वाटतो. ध्वनिमुद्रिका ज्या लाखेची बनत असे ती लाख जगाला मुख्यतः आपण पुरवत होतो. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्यांनी तयार केलेली लाख युरोपात जाई आणि तिच्यात दगडाची पूड व काजळी मिसळून कारूसोचा आवाज आपल्याकडे परत येई. १९४२ साली अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांसाठी लाख वापरण्यावर कडक मर्यादा आली, ती युद्धामुळे ही लाख दुर्मीळ झाली म्हणून.

पहिल्या पंचवीस वर्षांत वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, जोराने गायचे, हलायचे नाही, आणि तीन मिनिटांत संपवायचे. ही अट केवळ यांत्रिक राहिली नाही. रागाची बढत म्हणजे ज्या कलेचा प्राण, तिला तीन मिनिटांत उभे राहायला सांगितले तर ती काय करील? तिने दोन गोष्टी केल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या कलावंताने तीन मिनिटांचाच एक स्वतंत्र आकार घडवला. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐकताना ती अर्ध्या तासाच्या मैफलीतून कापून काढली आहे असे कधी वाटत नाही. ती तेवढीच असते आणि पुरी असते. दुसऱ्या काहींनी यंत्राला सरळ नकार दिला. अल्लादिया खाँसाहेबांनी (मृत्यू १९४६) ध्वनिमुद्रण करू दिले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि मागे आवाज ठेवून गेले नाहीत.

मराठीच्या विद्यार्थ्यांना इथे थोडे थांबायला हवे. भास्करबुवा आज आपल्याला कशातून ऐकू येतात? शिष्यांच्या गळ्यांतून, त्यांनी बांधलेल्या नाट्यपदांतून, आणि गोविंदराव टेंब्यांच्या गद्यातून. ‘माझा संगीत व्यासंग’ हे १९३९ चे पुस्तक आपण आत्मपर लेखनाच्या तासाला शिकवतो, शैलीबद्दल दोन गुणांचा प्रश्न विचारतो आणि पुढे जातो. पण त्या गद्यावर एक जबाबदारी आहे. जिथे तबकडी नाही तिथे तबकडीचे काम ते करते. साथीला बसलेल्या माणसाचा कान त्यात आहे. मराठीत संगीतावरचे लेखन इतके समृद्ध का झाले, याच्या कारणांत ही एक उणीव धरली पाहिजे असे मला वाटते.

तीन मिनिटांचा खरा लाभ झाला तो भावगीताला. त्या अटीने रागाचा कोंडमारा झाला आणि गीताला घर मिळाले. ध्रुवपद, दोन किंवा तीन कडवी, मधले वाद्यमेळाचे दोन तुकडे : हा भावगीताचा साचा आपण काव्यप्रकार म्हणून शिकवतो, पण त्याची मापे तबकडीच्या व्यासाने ठरलेली आहेत. ठाणे शहराचे नगराध्यक्षपद भूषवलेले कवी पी. सावळाराम यांची गाणी या दृष्टीने तपासण्यासारखी आहेत. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या त्रयीने जे दिले त्यात एक शब्द फाजील नाही. ही काटकसर कवीची की दहा इंची तबकडीची? दोघांचीही, असे उत्तर देऊन मी विद्यार्थ्यांसमोरून सुटतो.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मंदगती तबकडी काढली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांची, एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजणारी. तीच एलपी. आपल्याकडे ती रुळायला आणखी बारा-पंधरा वर्षे गेली. १९६० साली अमीर खाँसाहेबांची मारवा व दरबारीची एलपी निघाली. मारव्याचा तो संथ विस्तार लाखेच्या तबकडीवर येणे केवळ अशक्य होते. षड्ज टाळत टाळत तो राग जेवढा वेळ मागतो तेवढ्यात जुन्या तबकडीच्या चार बाजू संपल्या असत्या. म्हणजे या वेळी यंत्र सुधारले आणि एक पूर्ण गायकी जपली गेली. सुधारणेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. तो मी मानतो.

पण सुधारणेची किंमत कोणी दिली तेही पाहू. आजोबांकडे चावीचा फोनो होता, पेटीत मावणारा, हिज मास्टर्स व्हॉइसचा १०२. त्याच्या ध्वनिपेटीचे वजन तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक पडे आणि पोलादी सुई दर बाजूला एक अशी बदलायची असे. डबीतली सुई आमच्या घरात दहा बाजूंना पुरवली जाई, म्हणून आवडत्या तबकड्या आज सर्वांत जास्त घासलेल्या आहेत. कुठल्या गाण्यावर आजोबांचा जीव होता ते आजही खरखरीवरून ओळखता येते. १९७४ साली वडिलांनी विजेवर चालणारे फिएस्टा घेतले, ‘आता हे कशाला’ म्हणून फोनो मोडीत दिला आणि त्याच्याबरोबर लाखेच्या शंभरेक तबकड्या किलोवर गेल्या. ट्रंकेतल्या वाचल्या त्या केवळ आजीने माळ्यावर टाकल्यामुळे. पुढे १९८५-८६ मध्ये टू-इन-वन आला आणि निम्म्या एलपी एका परिचितांना फुकट दिल्या. प्रत्येक वेळी नवे यंत्र जुन्यापेक्षा खरोखरच चांगले होते. प्रत्येक वेळी जुन्याबरोबर असे काही गेले की जे नव्यावर पुन्हा कधी आलेच नाही.

आमचेच घर असे वागले असे नाही. मुंबईच्या चोरबाजारात लाखेच्या तबकड्यांचे जे ढीग लागत, ते अशाच घरांतून आलेले. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली, सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले, तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागात कोरलेल्या क्रमांकांवरून सूची सिद्ध केल्या. विद्यापीठांनी करायचे काम भंगारातून वेचणाऱ्या हौशी लोकांनी केले. आपल्या मराठी विभागांनी संगीत नाटकावर प्रबंध लिहवून घेतले. त्यांत किती जणांनी पदे प्रत्यक्ष ऐकली होती हे विचारू नये.

विचारू नये म्हणतो, कारण मी स्वतः ऐकली होती आणि तरीही चुकलो.

एम.ए.च्या वर्गाला संगीत नाटक शिकवताना गेली बरीच वर्षे मी एका जुन्या नटाचे एक पद ऐकवत आलो. मूळ तबकडी मायक्रोफोनपूर्व काळातली. माझ्याजवळ कोणीतरी करून दिलेले संगणकीय रूपांतर होते. पद ऐकवून मी सांगत असे : आवाज किती बारीक, किती चढा पाहा, स्त्रीभूमिकांच्या सवयीने हा गळा असा घडला. एका लेखात त्यावर दोन परिच्छेदही लिहिले. दोन वर्षांपूर्वी वर्गातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर आली. ती हार्मोनियम शिकलेली. म्हणाली, “सर, साथीची पेटी काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध वाजतेय. पेटीला तिथे पट्टीच नसते.”

गोष्ट साधी होती आणि ती मला माहीत असायला हवी होती. आपण ज्यांना ७८ च्या म्हणतो त्या जुन्या तबकड्या ७८ वरच मुद्रित झालेल्या असतील असे नाही. विजेच्या आधीच्या काळात यंत्रे वजनावर किंवा स्प्रिंगवर फिरत आणि वेग सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कुठेही असे. आकडा पुढे ठरला, आणि तोही सगळीकडे सारखा नाही : अमेरिकेतल्या ६० आवर्तनांच्या विजेवर ७८.२६, आपल्यासारख्या ५० आवर्तनांच्या देशांत ७७.९२. आता ७२ वर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर सव्वा पट्टीहून अधिक चढतो. काळी एकचा गायक पांढरी दोनच्याही वर जातो. लय वाढते, आवाज कोवळा होतो, तान अचाट वाटू लागते. मी ज्याला नटाच्या गळ्याचा इतिहास म्हणत होतो तो कदाचित एका मोटरीचा इतिहास होता.

तबकडीच्या लेबलावर वेग छापलेला असेलच असे तेव्हा नव्हते. याच्या उलट एक उदाहरण आठवते. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर साडेतीन मिनिटे भैरवी गातात. ही तबकडी मिनिटाला १६ आणि दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजवायची आहे. ती कोणाच्या हाती पडेल ते ठाऊक नाही म्हणून सोबत सुई आणि कार्ट्रिज पाठवले आहे; सुई कुठे टेकवायची याचे चित्र आवरणावर आहे आणि एका फेरीला ३.६ सेकंद हवेत हे हायड्रोजनच्या अणूच्या मापाने कोरले आहे. परग्रहावरच्या श्रोत्याला केसरबाईंचा षड्ज नेमका मिळावा म्हणून एवढी काळजी. डोंबिवलीतल्या श्रोत्याला ती सोय नाही.

तर, यंत्र. नौपाड्याला जाऊन मी ते भारी टर्नटेबल ऐकले. बरोबर दोन एलपी नेल्या होत्या, अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि किशोरीताईंचा भूप. या यंत्रांची इंग्रजी परीक्षणे वाचली तर त्यांत ढोल, खर्ज, रंगमंचाची रुंदी यांचे वर्णन असते. आपली कसोटी वेगळी आहे. आपल्या संगीतात तंबोरा अखंड वाजत असतो. पियानो आणि तंबोरा ही वाद्ये यंत्राच्या वेगातली थरथर लपवत नाहीत. पियानो निदान थांबतो तरी, तंबोरा थांबतच नाही. षड्ज किंचित जरी हलला तरी सगळी इमारत हलते. त्या यंत्रावर षड्ज स्थिर होता. पृष्ठभागाची खरखर कमी होती, कारण सुईचा आकार अधिक बारीक असल्याने ती खोबणीच्या न झिजलेल्या भागाला स्पर्श करते. मारव्यातला कोमल ऋषभ लागला तेव्हा दोघेही बोललो नाही. फरक होता. नव्हता असे म्हणणे खोटे ठरेल.

पण परत येताना लोकलमध्ये मनात हिशेब सुरू झाला. माझ्या यंत्रावर षड्ज हलतो का? अगदी थोडा, आणि तो पट्टा जुना झाल्यामुळे. पट्टा बदलायला एका पगाराचा अगदी लहानसा भाग पुरतो. खरखर अधिक का? कारण सुई बारा वर्षांत बदललेली नाही. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास नीट चालते. आणि घरघर येते ती यंत्राची नाही. आमची इमारत रेल्वेमार्गापासून लांब नाही. १८५४ मध्ये ही गाडी ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत आली आणि तेव्हापासून या बाजूची जमीन थरथरते आहे, त्याला कोणते टर्नटेबल काय करणार? लाकडी कपाटावरून ते काढून भिंतीत ठोकलेल्या आधारावर कडप्प्याची लादी टाकून ठेवले, तेव्हा तीन पगारांपैकी निदान एकाचे काम झाले.

शिवाय नौपाड्याच्या त्या भारी यंत्रालाही ७८ चा वेग नव्हता! उत्तम यंत्र म्हणजे आता ३३ आणि ४५. जुना वेग हवा असेल तर वेगळे मॉडेल, वेगळी किंमत. १९५४ चे गॅरार्ड ३०१ किंवा १९५७ चे थोरेन्स टीडी १२४ घेतले तर ७८ मिळतो, पण त्यांच्या आजच्या किमती प्राध्यापकाने न विचारलेल्या बऱ्या. म्हणजे ज्या ट्रंकेपायी बदलाचा विषय निघाला तिला या बदलाचा उपयोग शून्य होता. स्नेह्यांना मी हे म्हटले. ते हसून म्हणाले, “लाखेच्या तबकड्या कोण ऐकतो आता?” वडील १९७४ मध्ये हेच म्हणाले होते.

मार्ग त्याच विद्यार्थिनीने आणि तिच्या एका मित्राने काढला. माझ्या कार्ट्रिजच्या त्याच सांगाड्यावर रुंद खोबणीची सुई बसते. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, लाखेच्या तबकडीला ७५ मायक्रॉनच्या आसपास लागते. ती बसवायची, तबकडी ४५ वरच वाजवायची, संगणकात घ्यायची आणि तिथे वेग वाढवायचा. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की खोबणीतल्या उभ्या हालचालीची खरखर बरीच नाहीशी होते, कारण या तबकड्यांत गाणे आडव्या हालचालीत असते. वाकलेली तबकडीही मंद वेगात सुईला उडवत नाही. एक दोष आहे : वेग वाढवताना रेल्वेची घरघरही दीडपटीहून अधिक वर सरकते आणि ऐकू येण्याच्या टप्प्यात शिरते. म्हणून हे काम शेवटची लोकल गेल्यावर करतो. मालगाड्यांना वेळापत्रक पाळायला सांगता येत नाही.

(तबकड्या पुसण्याबद्दल एक सूचना, कारण मी एक गमावली. एका दुकानात मला स्पिरिटने पुसायला सांगितले गेले. सुतार लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश तयार करतो हे मला त्या क्षणी आठवले नाही. बुरशी गेली, तिच्याबरोबर गाणेही गेले. साधे पाणी, थेंबभर सौम्य साबण आणि मऊ कापड पुरते. लेबलाला पाणी लागू देऊ नये.)

यात ऐकणे कमी आणि नक्कल उतरवणे जास्त आहे, हे मान्य केले पाहिजे. ४५ वर वाजणारे नाट्यपद हे एक विचित्र प्रकरण असते. नायिका घोगऱ्या पुरुषी आवाजात विरह सांगते आणि तबला पाण्याखाली वाजतो. आजोबा चावी देऊन सुई टेकवत आणि गाणे सुरू होई. मला त्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते. तरी आतापर्यंत एकोणचाळीस तबकड्या उतरल्या. पट्टा, दोन सुया आणि कडप्पा मिळून अर्धा पगारही गेला नाही. भारी यंत्राचा विषय मी पूर्ण मिटवला आहे असे म्हणत नाही. तो मारवा कानात आहे. पण ट्रंक आधी.

लेखातल्या त्या दोन परिच्छेदांबद्दल संपादकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले आहे. त्यात नेमके काय लिहायचे यावर बरेच दिवस गेले. ते पद आजोबांच्या ट्रंकेतही निघाले, त्यामुळे मूळ तबकडीवरून पाहता आले. वेग ७६ च्या आसपास धरला तर पेटी काळी दोनवर येते, ७२ धरला तर पांढरी दोनवर. दोन्ही पट्ट्या त्या काळच्या गायकाला शक्य आहेत, आणि तेव्हाच्या पेट्या आजच्या सुरात लावलेल्या असतील असेही नाही. ७६ वर माझे जुने विधान थोडेफार टिकते. ७२ वर काहीच टिकत नाही, आवाज भरदार, वयात आलेला, जवळजवळ दुसऱ्याच माणसाचा वाटतो. मी ७६ च्या बाजूचा आहे. विद्यार्थिनी ७२ म्हणते. तानेनंतर गायक श्वास घेतो ना, तो ऐका सर, एवढ्या भरभर कोणी श्वास घेत नाही, असे तिचे म्हणणे आहे. गेल्या गुरुवारी आम्ही तो श्वास अकरा वेळा ऐकला.